एक की सात: ग्म्युंडच्या पहिल्या पोर्शेंच्या मागावर

पहिला दिवस: स्टुटगार्ट

माझ्या वहीत बावन्न ओळी आहेत. एक ओळ म्हणजे एक गाडी: चॅसी नंबर, इंजिन नंबर, रंग, पहिल्यांदा कुठे विकली, आज कुठे आहे. त्यातल्या दोन ओळींवर एकच नंबर पडलाय, आणि आणखी एका ओळीपुढे मी लाल शाईने ‘हरवली’ असं लिहून ठेवलंय. ते नंबर कोणते हे इथे सांगणार नाही. त्या गाड्यांना आज मालक आहेत, आणि असल्या गाडीच्या नंबराबद्दल कुणी नुसतं कुजबुजलं तरी तिची किंमत हलते.

या बावन्न गाड्या म्हणजे ऑस्ट्रियातल्या ग्म्युंड या छोट्या गावात १९४८ ते १९५१ या काळात हाताने घडवलेल्या पोर्शे ३५६/२. सर्वसाधारणपणे ४४ कूपे (बंद छपराच्या) आणि ८ कॅब्रिओले (छप्पर उघडता येणाऱ्या) असा हिशेब सांगितला जातो. माझी वही एका जुन्या शौकिनाने पाठवलेल्या झेरॉक्सवरून उतरवलेली आहे, आणि तीही झेरॉक्सची झेरॉक्स, मूळ हस्ताक्षर कुणा जर्मन माणसाचं. दोन गाड्यांवर एक नंबर म्हणजे त्यातली एक खोटी, असा माझा सरळ तर्क होता. त्या तर्काच्या जोरावरच ही सहल निघाली.

मेहुणा गाडी चालवायला बरोबर. त्याला जुन्या गाड्यांचं काही पडलेलं नाही, त्याला वळणांचे रस्ते हवेत. “दाजी, म्युझियम तुमचं, घाट माझे,” असा करार झाला.

त्सुफेनहाउझेन भागातल्या नॉयविर्ट्सहाउस (पोर्शेप्लात्झ) स्टेशनातून बाहेर पडलं की समोरच पोर्शेचं संग्रहालय. २००९ साली उघडलेली ही पांढरी इमारत तीन पायांवर अशी उचलून धरलीय की खाली उभं राहिलं की मान आपोआप आत जाते. आत शिरल्यावर सुरुवातीलाच टाइप ६४ या युद्धाआधीच्या शर्यतीच्या गाडीची बिनरंगाची, उघड्या अॅल्युमिनियमची बॉडी दिसते. साबणाची वडी बरीच वापरून झाल्यावर जशी होते तशी. १९३९ च्या सप्टेंबरात बर्लिन ते रोम अशी शर्यत व्हायची होती, तिच्यासाठी अशा तीन गाड्या योजल्या होत्या. युद्ध सुरू झालं आणि शर्यत बारगळली.

नंबरांच्या मागे लागलेल्या माणसाने धडा घ्यावा अशीच या तिघींची गोष्ट आहे. पहिली गाडी अपघातात मोडली. तिचीच चॅसी घेऊन तिच्यावर तिसरी बॉडी चढवली गेली. मग ती गाडी पहिली की तिसरी? तीच गाडी पुढे १९४९ मध्ये इन्सब्रुकचा शर्यतपटू ओटो माथे याने घेतली आणि १९९५ मध्ये मरेपर्यंत जपली. २०१९ च्या ऑगस्टमध्ये ती कॅलिफोर्नियात लिलावाला आली तेव्हा तर नंबरांनी कहरच केला. बोली १३ दशलक्ष डॉलरपासून सुरू झाली, पण पडद्यावर आकडा उमटला ३०. इंग्रजीत ‘थर्टीन’ आणि ‘थर्टी’ कानाला जवळजवळ सारखंच. बोली वाढत गेली तसा पडद्यावरचा आकडा ७० पर्यंत पोचला, सभागृहात टाळ्या पडल्या, आणि मग खुलासा झाला की बोली ७० नव्हे, १७ वर आहे. गाडी विकली गेलीच नाही. मेहुण्याला ही गोष्ट फार आवडली. माझ्या वहीचं पुढे काय होणार आहे याचा सुगावा मला तिथेच लागायला हवा होता, पण हसण्याच्या नादात लागला नाही.

थोडं पुढे ३५६-००१. पोर्शे हे नाव लावणारी पहिली गाडी. लहानशी उघडी रोडस्टर, पोलादी नळ्यांचा सांगाडा, फोक्सवॅगनचं ११३१ सीसीचं इंजिन मागच्या चाकांच्या पुढे, ३५ अश्वशक्ती, वजन ५८५ किलो. ८ जून १९४८ रोजी ऑस्ट्रियातल्या केर्न्टन प्रांताच्या सरकारने हिला रस्त्यावर यायचा परवाना दिला. लगेचच ती ७ हजार स्विस फ्रँकना स्वित्झर्लंडमध्ये विकली गेली, कारण पुढच्या गाड्यांच्या मालाला रोख पैसा हवा होता. १९५८ मध्ये पोर्शेने ती परत मिळवली. मधल्या काळातल्या मालकांनी तिला आपापल्या सोयीने इतकं बदलून घेतलं होतं की २०१८ मध्ये, सत्तराव्या वर्षी, मूळ रूप दाखवण्यासाठी कंपनीला तिची प्रतिकृती बनवावी लागली.

“म्हणजे जिच्यावर नंबर आहे तिचा आकार खरा नाही, आणि जिचा आकार खरा आहे तिला नंबर नाही,” मेहुणा म्हणाला. “खरी कुठली म्हणायची?”

मी म्हटलं, नंबरवाली. पण म्हणताना आवाजात जोर नव्हता.

नंबर किती उपयोगी पडतो याचं ठाम उदाहरण म्हणजे ३००.०५७ ही गाडी. २०१४ मध्ये जुन्या वस्तू शोधत फिरणाऱ्या एका टीव्ही पथकाला ब्रांडेनबुर्गमधल्या एका कोठारात दोन जुन्या पोर्शे ९११ सापडल्या. त्यांनी नंबर कळवले. संग्रहालयाने ते ताडून पाहिले तेव्हा कळलं की त्यातली एक ९११ नाहीच, ९०१ आहे. प्यूजो या फ्रेंच कंपनीने मध्ये शून्य असलेल्या तीन आकडी नावांवर हक्क सांगितल्यामुळे पोर्शेने १९६४ मध्ये नाव बदललं, आणि त्याआधी बनलेल्या मोजक्या ८२ गाड्यांपैकी ही सत्तावन्नावी. पुढचे मडगार्ड गायब, तळ गंजाने खाल्लेला. तज्ज्ञाने ठरवलेली १ लाख ७ हजार युरो ही किंमत देऊन संग्रहालयाने ती घेतली, तीन वर्षं तिच्यावर काम केलं आणि २०१७ च्या डिसेंबरात लोकांसमोर आणली. आज ती लाल रंगात अशी उभी आहे की जणू काल कारखान्यातून आली. त्या गंजलेल्या सापळ्यावरचे पाच-सहा आकडे शाबूत नसते तर ती भंगारात गेली असती, याबद्दल मला शंका नाही.

स्टुटगार्टमध्ये बनलेल्या गाड्यांचं एक बरं असतं. त्यांचं ‘कार्डेक्स’ असतं, कारखान्याचं नोंदपत्र. त्यावर चॅसी, इंजिन, गिअरबॉक्स यांचे नंबर, रंग, आणि गाडी कुठल्या विक्रेत्याकडे गेली ते. ३५६ च्या शौकिनांत कार्डेक्स हा शब्द जन्मपत्रिकेसारखा वापरतात: “गाडी चांगली आहे, पण कार्डेक्स जुळतं का?” इंजिन बदललेलं असलं की पत्रिका जुळत नाही आणि भाव पडतो.

रात्री माउलटाशन खाल्ले. ओली, जाडसर करंजी म्हणा. मी वही उघडून त्या जुळ्या ओळींकडे पाहत बसलो.

दुसरा दिवस: स्टुटगार्ट ते त्सेल आम झे

दिवसभर गाडीतच. म्युनिकपर्यंत रस्त्याची कामं, पुढे साल्झबुर्गच्या अलीकडे कीमझे तलावाचं पाणी डावीकडे चमकून गेलं. ऑस्ट्रियात शिरण्याआधी विन्येट, म्हणजे मोटारवेवर चालण्याचा परवाना, घ्यावा लागतो. भाड्याच्या गाडीबरोबर तो येतो असं आम्हाला काउंटरवर सांगितलं होतं. तो नव्हता. पेट्रोलपंपावर घेतला.

रस्ता कंटाळवाणा होता म्हणून मेहुण्याने विचारलं, जर्मन कंपनीची पहिली गाडी ऑस्ट्रियाच्या डोंगरात कशाला बनली? बॉम्बफेकीमुळे, म्हटलं. १९४४ मध्ये पोर्शेचं डिझाइन कार्यालय स्टुटगार्टमधून हलवून ग्म्युंडच्या लाकूड गिरणीत नेलं, काही भाग त्सेल आम झेच्या घरच्या इस्टेटीवर. युद्ध संपल्यावर कंपनीचे संस्थापक फर्डिनांड पोर्शे यांना फ्रेंचांनी १९४५ च्या डिसेंबरात अटक केली. सुटका झाली १९४७ च्या ऑगस्टमध्ये. एवढ्या काळात मुलगा फेरी, मुख्य अभियंता कार्ल राबे आणि बॉडीचा आराखडा करणारा एर्विन कोमेंडा यांनी जे मिळेल ते काम केलं: लष्कराच्या टाकून दिलेल्या गाड्यांची दुरुस्ती, पाण्यावरची टर्बाइनं, ट्रॅक्टरचे आराखडे. इटलीतल्या चिझितालिया कंपनीच्या पिएरो दुझिओने शर्यतीच्या गाडीचं मोठं काम दिलं, त्या पैशाचा वडिलांना सोडवायला उपयोग झाला. आराखड्यांना क्रमाने आकडे पडत होते. चिझितालियाची गाडी ३६०, आणि स्वतःसाठी करायची छोटी स्पोर्ट्स कार ३५६.

“म्हणजे नाव नाहीच ते. फायलीचा नंबर आहे,” मेहुणा म्हणाला. बरोबर आहे. या घराण्यात नंबर हेच नाव होतं.

ल मान्सची गोष्टही याच टप्प्यात झाली. १९५१ मध्ये पोर्शे पहिल्यांदा ल मान्सच्या चोवीस तासांच्या शर्यतीत उतरली. तोवर स्टुटगार्टमध्ये पोलादी बॉडीच्या गाड्या बनू लागल्या होत्या, पण शर्यतीसाठी मुद्दाम ग्म्युंडच्या हलक्या अॅल्युमिनियमच्या बॉडी काढल्या. ऑग्युस्त व्हॉये आणि एदमाँ मूश या फ्रेंच जोडीने ४६ नंबर लावलेली गाडी चालवून ११०० सीसीच्या गटात पहिला नंबर मिळवला. ती गाडी ३५६/२-०६३. शर्यतीनंतर अशा गाड्या अमेरिकेत विकल्या गेल्या, आणि कॅलिफोर्नियात जॉन फॉन न्यूमन या शर्यतपटूने हिचं छप्परच कापून टाकलं. शर्यतीत उघडी गाडी अजून हलकी, एवढाच विचार. तेव्हा ती फक्त एक जुनी शर्यतीची गाडी होती. पुढे अनेक वर्षांनी नंबरावरून ती ओळखू आली, आणि नवं छप्पर घडवून तिला जुन्या रूपात आणलं गेलं.

इथे मेहुण्याने गाडी चालवता चालवता एक बोट वर केलं. “बावन्न गाड्या आणि नंबर त्रेसष्ट?”

हा प्रश्न मला यायला दोन वर्षं लागली होती. नंबर गाडीवर पडत नाही, चॅसीवर पडतो. चॅसी म्हणजे अजून गाडी नव्हे. काही सांगाडे स्वित्झर्लंडला गेले आणि थूनच्या बॉइटलर बंधूंनी त्यांच्यावर उघड्या बॉडी चढवल्या. शेवटच्या काही गाड्या व्हिएन्नात पुऱ्या झाल्या. जन्माला आलेली चॅसी आणि विकलेली गाडी यांची मोजणी एक असेलच असं नाही.

संध्याकाळी त्सेल आम झेला पोचलो. पोर्शे घराण्याची इस्टेट शुटगुट इथलीच. तिथल्या छोट्या चॅपेलमध्ये फर्डिनांड आणि फेरी दोघांनाही पुरलंय. जागा खाजगी आहे. रस्त्यावरून झाडं पाहिली आणि पुढे गेलो.

तिसरा दिवस: ग्रोसग्लोकनर, स्पिटाल, ग्म्युंड

आज मेहुण्याचा दिवस. ग्रोसग्लोकनरचा घाटरस्ता १९३५ मध्ये खुला झाला. ४८ किलोमीटर, ३६ हेअरपिन वळणं, होखटोर खिंडीपाशी २५०४ मीटर उंची. टोल दणदणीत आहे, पण वळणांवर नंबरांच्या पाट्या लावल्यात, त्यामुळे मीही खूश. ऊन लख्ख होतं आणि सावलीत दात वाजत होते. जुन्या काळी फोक्सवॅगनच्या नमुना गाड्या या रस्त्यावर चाचणीला आणत, आणि फेरी पोर्शे आपल्या गाड्याही अशाच चढांवर पारखत असे. उतरताना ब्रेकला काय सोसावं लागतं ते दर वळणावर कळत होतं. ग्म्युंडच्या सुरुवातीच्या गाड्यांना केबलने ओढायचे ब्रेक होते, हायड्रॉलिक नंतर आले. हे सांगितल्यावर मेहुण्याने पुढची चार वळणं जरा हळू घेतली.

वर कॉफी घेताना मी त्याला माझा संशय सविस्तर सांगितला. नंबर खोटा कसा करतात आणि तो पकडतात कसा.

नंबर धातूत ठोकतात तेव्हा अंकाखालचा धातू दबतो, आणि ही दाब खाल्लेली जागा डोळ्याला दिसणाऱ्या खाचेपेक्षा खोलवर जाते. जुना नंबर घासून सपाट केला तरी खालचा दाब उरतो. मग त्यावर ठरावीक आम्ल लावलं की दबलेला भाग आणि न दबलेला भाग वेगवेगळ्या वेगाने खाल्ला जातो, आणि पुसलेला आकडा भुतासारखा वर येतो. पोलादावर ही युक्ती चांगली चालते. ग्म्युंडच्या गाड्यांची बॉडी अॅल्युमिनियमची असली तरी चॅसी पोलादी पत्र्याची पेटी आहे, म्हणजे तिथे हे जमण्यासारखं.

दुसरी खूण ठशांची. एकेक अंकाचा पंच हातात धरून वर हातोडी मारायची, म्हणजे अंक थोडे वरखाली, थोडे तिरके पडतात. पंचाचा कोपरा तुटलेला असला तर तो तुटका कोपरा त्या काळातल्या प्रत्येक नंबरात दिसतो. सरळ रेषेत, एकाच खोलीचे, छान बसलेले अंक दिसले की जाणकार माणूस खाली वाकून भिंग काढतो. कागद ठेवून पेन्सिल घासली की अंकांचा ठसा उठतो, आणि दोन ठसे शेजारी ठेवले की बराच उलगडा होतो.

तिसरी खूण मला सगळ्यात आवडते. ३५६ गाड्यांच्या बॉनेटवर, इंजिनाच्या झाकणावर, दारांवर चॅसी नंबराचे शेवटचे दोन-तीन अंक आतून ठोकलेले असतात. कारण साधं आहे. झाकण त्या एकाच बॉडीला हाताने घासून, वाकवून बसवलेलं असतं. रंगाला पाठवलं आणि दुसरीचं झाकण परत आलं तर ते बसणारच नाही. कामगारांच्या सोयीसाठी घातलेली ही खूण आज फसवणुकीविरुद्धचा साक्षीदार होऊन बसलीय. पुढचा नंबर बदलणाऱ्याला दाराच्या आतला अंक आठवतोच असं नाही.

“म्हणजे तुमच्या दोघींतल्या एकीच्या दारात वेगळा अंक असणार,” मेहुणा म्हणाला. “पण ती तुम्हाला दार उघडून कोण दाखवणार?”

हा मुद्दा होता.

हायलिगेनब्लूटला उतरलो आणि म्योल नदीच्या काठाकाठाने स्पिटाल आन डेर ड्राऊपर्यंत आलो. ८ जून १९४८ चा परवाना याच भागातला. गावात पोर्चिया नावाचा रेनेसान्स काळातला महाल आहे, त्याच्या अंगणात दहा मिनिटं बसलो. तिथून उत्तरेला लीझरच्या खोऱ्यात शिरलं की थोड्याच वेळात ग्म्युंड.

गाव तटबंदीतलं. लीझर आणि माल्टा या दोन नद्या इथे मिळतात. पर्यटनाच्या पाट्यांवर ‘कलाकारांचं गाव’ असं लिहिलेलं. आम्ही एका छोट्या पेन्शनमध्ये, म्हणजे घरगुती लॉजमध्ये, उतरलो. बाईंनी किल्ली दिली आणि चिठ्ठीवर खोलीचा नंबर लिहून दिला. किल्लीच्या लाकडी बिल्ल्यावरचा आकडा कधीच झिजून गेला होता.

सामान घेऊन वर गेलो आणि सात नंबरच्या खोलीच्या कुलपात किल्ली फिरवू लागलो. फिरेना. जोर लावला. आतून दार उघडलं आणि टॉवेल गुंडाळलेले एक उंच गृहस्थ समोर उभे राहिले. मी चिठ्ठी पुढे केली. त्यांनी ती वाचली, हसले, आणि खाली बोट दाखवून म्हणाले, “आइन्स.” एक.

चिठ्ठीवरचा आकडा पुन्हा पाहिला. उभी रेघ आणि तिच्या डोक्यापासून डावीकडे खाली उतरलेली लांबच लांब तिरकी रेघ. मला तो सात दिसत होता. त्यांच्या हातात तो एक आहे. सात लिहिताना हे लोक मध्ये आडवी रेघ मारतात, म्हणजे घोटाळा होऊ नये. घोटाळा फक्त माझ्यासारख्याला होतो.

मेहुणा बॅगा घेऊन मागे उभा होता. तो एक अक्षरही बोलला नाही, पण त्याची नजर माझ्या खांद्यावरच्या पिशवीकडे गेली, जिच्यात वही होती.

एक नंबरच्या खोलीत दिव्याखाली झेरॉक्स पसरली. झेरॉक्सची झेरॉक्स असल्याने बारीक रेघा बऱ्याच उडालेल्या. तरी जिथे खरा सात होता तिथे आडव्या रेघेचा ठिपका तरी उरला होता. माझ्या जुळ्या ओळींपैकी एकीत तो ठिपका होता. दुसरीत नव्हता. दुसरीतला शेवटचा आकडा एक होता. आणि वहीत ज्या नंबरापुढे मी लाल शाईने ‘हरवली’ लिहिलं होतं तो नंबर एकनेच संपत होता.

दोन वर्षं मी जिला खोटी म्हणत होतो आणि दोन वर्षं जिला शोधत होतो, त्या दोन गाड्या नव्हत्याच. ती एकच गाडी होती. ती कुठेही हरवली नव्हती. मीच तिला चुकीच्या ओळीत बसवून ठेवलं होतं.

“आम्ल लावायचं का झेरॉक्सला?” मेहुण्याने विचारलं.

चौथा दिवस: ग्म्युंड

सकाळी जरा लाजतच संग्रहालयात गेलो. हेल्मुट फायफहोफर यांनी १९८२ मध्ये उभारलेलं हे खाजगी पोर्शे संग्रहालय. स्टुटगार्टच्या मानाने घरगुती. तिथे गाड्या पायऱ्यांवरून वर चढत जाणाऱ्या मूर्तींसारख्या मांडल्यात. इथे त्या एखाद्या जुन्या गोठ्यात शेजारी शेजारी उभ्या केल्यासारख्या वाटतात, आणि मला तेच बरं वाटलं. जवळ जाता येतं.

हाताने ठोकलेल्या अॅल्युमिनियमच्या ३५६ पाशी मी बराच वेळ होतो. पत्र्याची गाडी दाबयंत्रात काढायची तर महागडे साचे लागतात. युद्धानंतरच्या ग्म्युंडमध्ये ना यंत्र होतं ना पैसा. म्हणून लाकडाचा साचा करून त्यावर अॅल्युमिनियमचे तुकडे हातोडीने बसवायचे, मग एकमेकांना जोडायचे. पहिल्या रोडस्टरचं हे काम फ्रीडरिश वेबर या कारागिराच्या हातचं. लाकडाचा साचा एक असला तरी हात एक नसतो, दिवस एक नसतो. त्यामुळे या गाड्या एकमेकींसारख्या दिसतात, पण एकीचं दार दुसरीला बसत नाही. मी नाकासमोर बसून डाव्या आणि उजव्या दिव्याच्या कडा पाहिल्या. डावा गोलवा जरा भरलेला वाटला. वाटला असेल, आदल्या रात्रीनंतर माझ्या डोळ्यांवर माझाच फारसा विश्वास राहिला नव्हता.

ग्म्युंडची गाडी ओळखायची ती काचेवरूनही ओळखता येते. पुढची काच दोन सपाट तुकड्यांची, मध्ये दांडी, कारण वाकवलेली काच परवडण्यासारखी नव्हती. दारात पुढच्या कोपऱ्याला वेगळी छोटी खिडकी. ही स्टुटगार्टच्या पोलादी गाड्यांत नाही. बॉडी वरच्या अंगाला निमुळती. इंजिन पहिल्या रोडस्टरसारखं मध्ये नसून मागच्या आसाच्याही मागे, म्हणजे मधल्या जागेत सामान किंवा एखादं लहान मूल बसू शकतं. हा बदल ००१ नंतर लगेचच झाला, आणि मला तो नेहमी फेरी पोर्शेच्या शहाणपणाचा भाग वाटतो: हौशीची गाडी एकच बनवली, विकायची गाडी वेगळी बनवली. ११३१ सीसीचं इंजिनही पुढे १०८६ वर आणलं, ११०० सीसीच्या गटात बसावं म्हणून.

माल मिळवणं हे खरं दुखणं होतं. केर्न्टन तेव्हा ब्रिटिशांच्या ताब्यात, फोक्सवॅगनचा कारखाना जर्मनीत. इंजिनाचे भाग, अॅल्युमिनियमचा पत्रा, बरंच काही स्वित्झर्लंडमार्गे फिरून यायचं. झुरिकमधल्या फॉन सेंगर आणि ब्लांक या व्यापाऱ्यांनी पैसा आणि माल दोन्ही पुरवलं, बदल्यात पहिल्या गाड्या तिकडे गेल्या. १९४८ च्या सप्टेंबरात फोक्सवॅगनशी करार झाला आणि भागांची अडचण सुटायला लागली. तरीही तीन वर्षांत बावन्न गाड्या, म्हणजे महिन्याला दीड. १९५० पासून स्टुटगार्टमध्ये रॉयटर या बॉडी बनवणाऱ्या कंपनीच्या पोलादी बॉडी सुरू झाल्या, नंबर पाच हजारांपासून पुढे धरले, आणि १९६५ पर्यंत सगळ्या मिळून सुमारे ७६ हजार ३५६ बनल्या. त्या ७६ हजारांच्या यादीत ग्म्युंडच्या गाड्या सुरुवातीच्या शिंतोड्यासारख्या.

दुपारी गावाबाहेर कार्नेराऊला चालत गेलो, जिथे ती लाकूड गिरणी होती. पाहायला फार काही नाही आणि मी अपेक्षाही ठेवली नव्हती. नदीचा आवाज, ओल्या लाकडाचा वास, तो आठवणीतला की खरा ते सांगता येत नाही. मेहुण्याने विचारलं, इथे काय पाहायचं? मी म्हटलं, इथून सपाट जमीन किती लांब दिसते ते पाहा. दिसत नाही. चहूकडे चढ. गाडी बनवली की पहिल्याच किलोमीटरला तिची परीक्षा. त्याला हे पटलं, कारण तो घाटांच्या बाजूने विचार करतो.

जेवायला कासनुडल्न, चीज आणि पुदिना भरलेले, कडा चिमटीने मुरडलेले. प्रत्येकाची मुरड वेगळी होती. मी ते मेहुण्याला दाखवलं. तो म्हणाला, “दाजी, आता जेवा.”

रात्री वही नव्याने लिहायला घेतली. शेवटी सात असलेली प्रत्येक ओळ, मधल्या जागी सात असलेली प्रत्येक ओळ, झेरॉक्सवर ठिपका आहे का ते पाहत. जिथे ठिपका असावा तिथे झेरॉक्सचा डाग असेल तर? त्या ओळींपुढे पेन्सिलने प्रश्नचिन्ह. इंजिन नंबरांच्या रकान्यातही तोच घोळ. बारा वाजेपर्यंत एकोणीस ओळी झाल्या. त्या ‘खोट्या’ गाडीच्या मालकाला मी कधी पत्र पाठवलं नव्हतं याबद्दल स्वतःची पाठ थोपटली. पाठवायच्या बेतात होतो, हेही खरं आहे.

पाचवा दिवस: कात्शबेर्ग आणि परत

मोटारवेचा बोगदा सोडून जुन्या रस्त्याने कात्शबेर्गला चढलो. खिंड १६४१ मीटरवर, ग्लोकनरपुढे काहीच नाही, पण चढ अंगावर येतो. ग्म्युंडहून निघालेली गाडी उत्तरेला जायचं म्हटलं की हाच रस्ता होता, बोगदे नंतर आले. पहिल्या रोडस्टरची चॅसी, बॉडी नसतानाच, या चढावर नेऊन पाहिली होती. मेहुण्याने वर थांबून मागे वळून पाहिलं आणि पहिल्यांदाच स्वतःहून विचारलं, “३५ अश्वशक्तीत?”

३५ अश्वशक्तीत.

पुढे साल्झबुर्ग, म्युनिक, पुन्हा रस्त्याची कामं. मी मागच्या सीटवर झेरॉक्स पसरून मोठ्याने आकडे वाचत होतो आणि मेहुणा आरशातून विचारत होता, ठिपका आहे का? एकतीसपर्यंत पोचलो.

स्टुटगार्टला गाडी परत करताना काउंटरवर फॉर्म भरायचा होता. किलोमीटरच्या आकड्यात दोन सात होते. मेहुण्याने पेन घेतलं, आकडा लिहिला, थांबला, आणि दोन्ही सातांच्या पोटातून आडवी रेघ मारून फॉर्म माझ्याकडे सरकवला.